जुने पब आणि त्यांच्या आतल्या खोल्या: बाहेरची पाटी राहते, आतलं जातं

थेम्सकाठचा

गेल्या शनिवारी धाकट्या भावाला घेऊन हॉबर्नच्या 'प्रिन्सेस लुईझ'मध्ये गेलो. तो पुण्याहून पहिल्यांदाच लंडनला आलाय. दार ढकलून आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. मधोमध बार, आणि त्याच्या भोवती लाकूड आणि कोरीव काचांच्या आडभिंती घालून पाडलेले कप्पे. एका कप्प्यात पाच-सहा माणसं दाटीवाटीने मावतात. शेजारच्या कप्प्यातलं बोलणं अर्धवट ऐकू येतं, पण बोलणारा दिसत नाही. भिंतींवर रंगीत टाइल्स आणि सोनेरी अक्षरांचे आरसे, डोक्यावर नक्षीचं छत. भाऊ म्हणाला, "एवढं जुनं असं जसंच्या तसं कसं राहिलं?"

तेच त्याला सांगत बसलो, आणि घरी आल्यावर वाटलं की इथेही लिहावं. कारण ते जसंच्या तसं राहिलेलं नाही. मी २००३ साली इथे पहिल्यांदा आलो तेव्हा टाइल्स होत्या, आरसे होते, पण आडभिंती नव्हत्या. बारभोवती सलग मोकळी जागा होती. पब १८७२ चा, आतली सजावट १८९१ ची, आणि आडभिंती मधल्या काळात कधीतरी काढून टाकलेल्या. सॅम्युअल स्मिथ या यॉर्कशरच्या मद्यकंपनीने २००७-०८ मध्ये पब बंद ठेवून ते कप्पे पुन्हा बांधून घेतले. नवीन लाकूड, नवीन काच, जुना आराखडा. पुन्हा उघडल्यावर मी गेलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की मला इतकी वर्षं आवडत असलेली ती जागा अर्धीच होती.

ज्यांनी हे पब पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. व्हिक्टोरियन काळातला पब म्हणजे एक खोली नव्हे. कामगारांसाठी 'पब्लिक बार': लाकडी बाकं, उघडी फरशी, बिअर थोडी स्वस्त. बऱ्या परिस्थितीतल्यांसाठी 'सलून' किंवा 'लाउंज': गालिचा, गादीच्या खुर्च्या, त्याच पिंपातली तीच बिअर थोडी महाग. 'स्नग' म्हणजे बारच्या कडेची चिमुकली खोली. तिथे बहुतेकदा बायका बसत, म्हाताऱ्या बसत, ज्यांना कुणाच्या नजरेला पडायचं नाही असे लोक बसत. आणि 'जग अँड बॉटल' नावाची खिडकी, जिथे घरून भांडं घेऊन येऊन बिअर न्यायची. मुलांनासुद्धा या खिडकीवर पाठवत.

सगळ्यात नवलाची वस्तू म्हणजे 'स्नॉब स्क्रीन'. बारच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर, कोरीव काचेच्या छोट्या झडपा. खिट्टीवर फिरतात. झडप उघडायची, ग्लास मागायचा, बंद करायची. बारवाल्याला किंवा पलीकडच्या पब्लिक बारमधल्या गिऱ्हाइकाला तुमचा चेहरा दिसत नाही. ब्लूम्सबरीच्या 'द लँब'मध्ये आजही आहेत. मेडा व्हेलच्या 'प्रिन्स आल्फ्रेड'मध्येही आहेत, आणि तिथे एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला आडभिंतीत कमरेएवढी दारं आहेत. वाकून जावं लागतं.

यातलं बहुतेक गेलं. साठ-सत्तरच्या दशकांत मद्यकंपन्यांनी भिंती पाडून एकेक मोठी खोली केली. एका माणसाला सगळीकडे लक्ष ठेवता येतं, जेवणाची टेबलं मावतात, नोकर कमी लागतात. त्याआधीही परवाने देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांना आणि पोलिसांना हे कोपरे खटकतच होते. बाहेरची पाटी, दिवे, विटा तशाच राहतात, म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं पब जुना आहे. आत जाऊन बघा, जिप्समच्या भिंती आणि कुठल्याही विमानतळावर असतो तसा बार.

माझं मत सांगून ठेवतो: आतली मांडणी ही इमारतीच्या दर्शनी भागाइतकीच जपायला हवी, किंबहुना जास्त. तुम्ही कुणी असे पब पाहिलेत का? लिहा.

नाना पुणेकर

लेख चांगला आहे, पण मनात आलं ते स्पष्ट लिहितो. आमच्या तालुक्यात बायकांनी उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान करून दुकान बंद पाडलं, त्यात माझी सख्खी बहीण पुढे होती. दारूने घरं बसलेली मी पाहिली आहेत. अशा जागांचं जतन करायला सरकारने आणि लोकांनी पैसा आणि वेळ का घालवावा? देवळं, वाडे, ग्रंथालयं आहेत की.

थेम्सकाठचा

नाना, तुमच्या बहिणीने केलं ते मोठंच काम आहे, आणि इथेही दारूने घरं बसली. एकोणिसाव्या शतकात दारूबंदीची मोठी चळवळ इथे झाली ती उगाच नाही.

पण पब हा शब्दच 'पब्लिक हाउस'चा. आपल्याकडे गावाचा पार, चावडी आणि धर्मशाळा मिळून जे काम करत, त्यातलं बरंचसं इथे पबने केलं. कामगार संघटनांच्या बैठका पबच्या वरच्या मजल्यावर. कुणी संशयास्पद मेलं तर त्याची चौकशी पबात, कारण गावात तेवढी मोठी खोली दुसरी नसे. फुटबॉल असोसिएशन १८६३ मध्ये स्थापन झाली ती लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये. लंडनच्या सदर्कमधला 'जॉर्ज इन' तर घोडागाड्यांच्या प्रवाशांचा मुक्काम; १६७६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला, अंगणाकडे उघडणारे लाकडी सज्जे असलेला. लंडनमध्ये तशा बांधणीचा तेवढा एकच उरलाय. त्याचाही मोठा भाग १८८९ मध्ये रेल्वे कंपनीने पाडला. उरलेला नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. मी स्वतः तिथे बहुतेक वेळा कॉफीच पितो.

यॉर्कर

क्रिकेटवाल्यांनी नॉटिंगहॅमला जावंच. ट्रेंट ब्रिजचं मैदान एका खानावळीमागच्या मोकळ्या जागेत सुरू झालं. विल्यम क्लार्क या खेळाडूने ट्रेंट ब्रिज इनच्या मालकिणीशी लग्न केलं आणि मागच्या जागेत मैदान आखलं. आणि जवळच वेस्ट ब्रिजफर्डमध्ये 'टेस्ट मॅच' नावाचा १९३८ चा पब आहे, आत क्रिकेटची भित्तिचित्रं. तिसाच्या दशकातला आतला बाज इतका शाबूत असलेले पब फार थोडे आहेत.

सई_लीड्स

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, त्यातले काही पब होते, म्हणून जरा लांब लिहिते.

इंग्लंडमध्ये इमारत 'लिस्टेड' झाली, म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या सरकारी यादीत गेली, की साधारणपणे आतून-बाहेरून सगळीच झाली, श्रेणी कुठलीही असो. नोंदीत एखादा भाग मुद्दाम वगळला असेल तरच तो मोकळा. म्हणजे बारचा काउंटर, त्यामागची आरशांची मांडणी (आम्ही 'बारबॅक' म्हणतो), भिंतीला ठोकलेली बाकं, आडभिंती, अगदी मुतारीसुद्धा. लिव्हरपूलच्या 'फिलहार्मोनिक डायनिंग रूम्स'मधल्या पुरुषांच्या गुलाबी संगमरवरी मुताऱ्या बघायला बायका खास परवानगी मागून आत जातात. मीही गेले आहे. हा पब १८९८ ते १९०० मध्ये वॉल्टर थॉमस या वास्तुविशारदाने रॉबर्ट केन या मद्यउत्पादकासाठी बांधला, आणि २०२० मध्ये त्याला पहिली, म्हणजे सगळ्यात वरची, श्रेणी मिळाली. मुद्दाम पब म्हणून बांधलेल्या व्हिक्टोरियन इमारतीला हा मान पहिल्यांदाच मिळाला. इतकी वर्षं चर्चना, वाड्यांना, रेल्वे स्टेशनांना मिळत होता.

पण सुट्टं सामान यात येत नाही. टेबलं, खुर्च्या, स्टूल रातोरात विकता येतात. आणि मुळात लिस्टेड नसलेले पब कितीतरी आहेत.

हे नुकसान पहिल्यांदा शिस्तीत मोजलं ते सरकारने नाही, बिअर पिणाऱ्यांनी. 'कॅम्रा' ही संघटना १९७१ मध्ये सुरू झाली ती पिंपातली जिवंत बिअर वाचवायला. नंतर त्यांच्यातल्याच काहींच्या लक्षात आलं की बिअर वाचली, पण ती जिथे प्यायची त्या खोल्या चालल्या. मग स्वयंसेवक वह्या आणि कॅमेरे घेऊन देशभर हिंडले आणि महत्त्वाच्या अंतर्भागांची राष्ट्रीय यादी केली. ती १९९७ मध्ये पहिल्यांदा छापून आली. शोधताना कळलं की आतून खरोखर अभंग राहिलेले पब अगदी मोजके आहेत. त्या यादीच्या आधारावर पुढे कित्येक पबना कायद्याचं संरक्षण मिळालं. मी कामाला लागले तेव्हा माझ्या वरिष्ठांच्या टेबलावर ती यादी कायम उघडी असायची.

आता कामाबद्दल. टाइल्स चिवट असतात. लीड्समधल्या हन्स्लेटच्या 'गार्डन गेट'मध्ये बारचा काउंटरच चकचकीत भाजलेल्या मातीचा आहे, आसपासची वस्ती पाडली गेली तरी तो उभा आहे. काच फुटते, पण कोरणारे कारागीर अजून सापडतात. खरी परीक्षा छताची. त्या काळी छताला आणि भिंतींच्या खालच्या भागाला 'लिंक्रस्टा' लावत: जवसाचं तेल आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्यावर नक्षीचा रूळ फिरवून केलेलं जाड आवरण. फ्रेडरिक वॉल्टनने १८७७ मध्ये काढलं, लिनोलियमही त्याचंच. शंभर वर्षांचा धूर त्यावर बसून मधासारखा तपकिरी रंग आलेला असतो. २००७ मध्ये पबात सिगारेटवर बंदी आली आणि मालक म्हणाले, आता स्वच्छ पांढरं करून टाकूया. एका ठिकाणी मी पोहोचेपर्यंत अर्धं छत खरवडून झालं होतं. रंगाच्या थरांबरोबर नक्षीही गेली होती. त्या दिवशी मी शिडीवर बसून रडले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

गिरगावकर

सईताई, तुमचं वाचून मुंबईच्या इराण्यांची आठवण झाली. आमच्याकडे १९९५ च्या नियमांनी वारसा इमारतींच्या श्रेणी केल्या, पण पहिली श्रेणी सोडली तर आतल्या बदलांना बरीच मोकळीक आहे. त्यामुळे कमानी राहतात आणि आतली संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, कोपऱ्यातला आरसा, गल्ल्यामागचं बरण्यांचं कपाट जातं. आमच्या नाक्यावरचा इराणी गेला तेव्हा खुर्च्या टेम्पोत भरताना मी गॅलरीतून पाहिल्या. वडिलांचा पहिला पगार त्यातल्याच एका टेबलावर मोजला गेला होता. दर्शनी भाग अजून आहे, तिथे मोबाइलचं दुकान आहे.

म्हापसेकर

गोंयच्या जुन्या तावेर्नांचं (दारूच्या गुत्त्यांचं) तसंच. लाकडी काउंटर, दोन बाकं, भिंतीत कपाट, काजू फेणीचे गराफांव, म्हणजे काचेचे मोठे बुधले. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते बरं झालं. पण जिथे ती पीत त्या खोलीला कसलंच मानांकन नाही. सईंनी सांगितलेली कॅम्राची गोष्ट म्हणूनच मला लागली: आधी पेय वाचवलं, मग खोली आठवली. आम्ही अजून पहिल्या पायरीवर आहोत.

सुलभामावशी_बर्मिंगहॅम

सगळे आडभिंतींचं कौतुक करताहेत, म्हणून मला लिहावं लागतंय.

माझे वडील १९६२ मध्ये कोल्हापूरहून इकडे आले. बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकच्या बाजूला एका फाउंड्रीत साचे करायचे. शिफ्ट संपली की घशात वाळू, म्हणून सगळे पबात. त्यांच्या नाक्यावरच्या पबात (नाव लिहीत नाही) त्यांना आणि त्यांच्या पंजाबी मित्रांना पब्लिक बारमध्ये घेत. लाउंजमध्ये नाही. दारावर काही लिहिलेलं नसे, पण आत पाऊल टाकलं की बारवाला मान हलवायचा. बाबा ते सांगताना नेहमी हाताने दार ढकलल्यासारखं करायचे आणि हात मध्येच थांबवायचे.

हे एकट्या त्यांचं नव्हतं. १२ फेब्रुवारी १९६५ ला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स स्मेदिकला आला, त्याला इंडियन वर्कर्स असोसिएशनने बोलावलं होतं. त्या संघटनेचे अवतारसिंग जोहल त्याला 'ब्लू गेट्स' पबात घेऊन गेले, तिथे आतल्या खोलीत त्यांना नकार मिळाला आणि ते पब्लिक बारमध्ये गेले. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्याचा खून झाला. जोहल आणि त्यांचे सोबती तेव्हा गोऱ्या विद्यार्थ्यांना घेऊन पबांमध्ये जायचे, आधी गोऱ्याने ग्लास मागायचा, मग आपल्या माणसाने, म्हणजे भेदभाव साक्षीदारांसमोर उघडा पडे. त्याच वर्षी वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा झाला.

आणि बायकांचं म्हणाल तर, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या 'एल व्हिनो'मध्ये बारपाशी उभं राहून मागणाऱ्या बाईला वाइन देत नसत. मागच्या खोलीत जाऊन बसा म्हणत. त्यासाठी कोर्टात भांडावं लागलं, निकाल १९८२ मध्ये लागला. १९८२! तेव्हा मी कॉलेजात होते.

तेव्हा या सुंदर काचा कुणाला बाहेर ठेवायला लावल्या होत्या, तेही लिहा. भिंती पडल्या तेव्हा आमच्या घरात कुणाला वाईट वाटलं नाही.

थेम्सकाठचा

मावशी, तुमचं वाचून काल रात्री उत्तर लिहिता आलं नाही. मी मूळ लेखात स्नॉब स्क्रीनला 'नवलाची वस्तू' म्हटलं. ती झडप ज्याच्या तोंडावर बंद होत होती त्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. शब्द तसाच ठेवतो, खाली तुमचा प्रतिसाद वाचकाला दिसेल.

तरी एक विचारतो. भिंत पाडली की त्या जागी काय झालं हे दाखवायचं कशाने? बाबांचा हात जिथे थांबायचा ते दार उभं असेल, तर तुमच्या नातवंडांना ते दाखवता येईल. मोकळ्या हॉलमध्ये उभं राहून सांगितलं तर त्यांना खरं वाटेल का?

सई_लीड्स

मावशींशी सहमत, आणि वरच्या प्रश्नाशीही. आमच्या कामात आम्ही नोंदीत लिहितो 'आडभिंत, महोगनी, १८९५ चे सुमार'. तिथे कोण बसायचं आणि कोणाला बसू देत नसत हे लिहायला रकानाच नाही. तो हवा. मी पुढच्या अहवालात लिहिणार आहे.

नोंद किती महत्त्वाची ते कार्लटन टॅव्हर्नवरून कळेल. किलबर्नजवळचा हा १९२०-२१ चा पब. २०१५ च्या एप्रिलमध्ये, तो लिस्टेड व्हायच्या बेतात असताना, मालकांनी बुलडोझर घालून पाडला. आत माणसांच्या वस्तू तशाच होत्या. रहिवासी उठले, नगरपालिकेने आदेश काढला की होता तसाच, विटेला वीट लावून बांधा. मालकांनी दाद मागितली, ती फेटाळली गेली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पब पुन्हा उघडला. हे शक्य झालं कारण लिस्टिंगच्या तयारीत आतली-बाहेरची बारीक नोंद आधीच झाली होती. टाइल्स कुठे, फलक कुठे, सगळं कागदावर होतं. कागद नसता तर 'होता तसा' म्हणजे कसा, हे कोर्टात कोण सांगणार?

त्यानंतर, २३ मे २०१७ पासून, इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचं दुकान-घर करायला आधी परवानगी लागते. तरी २०२३ च्या ऑगस्टमध्ये स्टॅफर्डशरचं 'क्रुकेड हाउस' गेलंच. खाणीमुळे जमीन खचून कललेला, १७६५ चा. आत टेबलावर गोटी ठेवली तर ती चढावर जातेय असा भास व्हायचा. विकल्यावर महिन्याच्या आत आग लागली आणि दोन दिवसांत उरलेलं पाडलं. तो लिस्टेड नव्हता. पुन्हा बांधायचा आदेश निघालाय.

नाना पुणेकर

मी सुरुवातीला जे लिहिलं त्यावरून मागे हटत नाही, दारूबद्दलचं माझं मत तेच आहे. पण सुलभाताईंच्या वडिलांचं वाचल्यावर वाटलं की त्या दाराची नोंद व्हायला हवी. आमच्या गावात हॉटेलात दलितांसाठी कप वेगळे, बाहेर फळीवर ठेवलेले असत. ती फळी कुणीतरी काढून जाळली, चांगलं केलं. पण आज गावातला मुलगा म्हणतो, आपल्याकडे असं काही नव्हतंच. एक विचारतो, सामान्य माणसाने तिकडे नेमकं काय करायचं असतं?

सई_लीड्स

नाना, लिस्टिंगसाठी हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेकडे कुणीही अर्ज करू शकतं, मालक असावं लागत नाही. दुसरा मार्ग म्हणजे २०११ च्या कायद्याने पब 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून नोंदवायचा. स्थानिक मतदार यादीतली किमान २१ माणसं एकत्र आली तरी अर्ज चालतो, मंडळ नोंदवलेलं नसलं तरी. नोंद पाच वर्षं राहते. मालकाला विकायचा असेल तर कळवावं लागतं, आणि गटाने बोली लावायची इच्छा कळवली तर सहा महिने थांबावं लागतं, तेवढ्यात लोकांनी पैसे जमवायचे. यात आतली सजावट वाचेलच असं नाही, पण वेळ मिळतो.

आणि सगळ्यात आधी फोटो. दारं, काचांवरची अक्षरं, बाकांमागच्या भिंतीवरची, नोकराला बोलवायच्या बेलची बटणं, बंद केलेल्या खिडक्या. पब सकाळी उघडल्या उघडल्या जा, रिकामा असतो, विचारलं की मालक नाही म्हणत नाहीत.

मावशी, तुमच्या बाबांचा पब अजून आहे का?

सुलभामावशी_बर्मिंगहॅम

आहे. गेली पंधराएक वर्षं एका पंजाबी कुटुंबाकडे आहे, इकडे त्यांना देसी पब म्हणतात. मिक्स्ड ग्रिल आणि बिअरसाठी सगळे येतात, गोरे, काळे, आपले. लाउंज आणि पब्लिक बारमधली भिंत गेली. पण लाउंजचं दार त्यांनी टाकलं नाही, स्वयंपाकघराला लावलंय. काचेवर 'लाउंज' अजून कोरलेलं आहे आणि वेटर तंदुरी चिकनची थाळी घेऊन ते पायाने ढकलत बाहेर येतो.

बाबा शेवटची दोन वर्षं तिथे खुर्ची टाकून बसत, त्या दाराकडे तोंड करून. मी कधी विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी जाते आणि फोटो काढते. सई, टेप आणायची का?

सई_लीड्स

हो, टेप आणा. दाराची उंची, रुंदी, जाडी, बिजागऱ्या किती, आणि आधी कुठल्या चौकटीत होतं त्याच्या खुणा भिंतीवर दिसतात का ते बघा. बाबा बसायचे ती जागा कागदावर नक्की दाखवा, दारापासून किती फुटांवर तेही लिहा. मी शनिवारी बर्मिंगहॅमला येऊ शकते.